फ्लोरीचा धूर

किलब्रानच्या व्हिस्कीच्या भट्टीचा इतिहास तिच्या स्वागतकक्षाच्या भिंतीवर लिहिलेला आहे. भिंतीवरच्या इतिहासाची एक सोय असते. त्याला मागची बाजू नसते, त्यामुळे वाचणाऱ्याला तो उलटून पाहता येत नाही. आठव्या शतकात होडीत बसून आयर्लंडहून स्कॉटलंडच्या आयला बेटावर आलेले भिक्षू, प्रार्थनेसोबत त्यांनी आणलेली अर्क काढण्याची विद्या, १८२४ साली मिळालेला सरकारी परवाना, शिकारीहून परतताना एका उमरावाने काढलेले कौतुकोद्गार, असे करत करत तो इतिहास १९८७पर्यंत येतो आणि तिथे धुक्याच्या एका मोठ्या छायाचित्राखाली एवढेच आढळते : '१९८७ ते १९९५. मौनपर्व. या काळात किलब्रानने श्वास रोखून धरला.' श्वास भट्टीने रोखला होता हे खरे. गुदमरली मात्र एकतीस घरे.

त्या एकतिसांपैकी एक घर डूगल्ड मॅकइंडिओरचे. मौनपर्वात त्याने रस्त्यावर खडी टाकली, दुसऱ्यांच्या मेंढ्यांची बाळंतपणे केली, दोन वर्षे कबरी खणल्या. नव्या मालकांनी भट्टी पुन्हा पेटवली तेव्हा सर्वांत आधी बोलावणे त्यालाच गेले, कारण सातूला मोड आणण्याची जुनी रीत हाताला ठाऊक असलेला तोच काय तो बेटावर उरला होता. सातू भिजवायचे, दगडी फरशीवर वीतभर थराने पसरायचे, मोड फुटू लागले की लाकडी फावड्याने उलटत राहायचे, आणि मोडांची उसळ करून खाणाऱ्यांना जे क्रौर्य वाटेल ते शेवटी करायचे : वाळवणघरात नेऊन पीटच्या, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेल्या काळ्या मातीच्या, धुरात ते कोवळे मोड मारून टाकायचे. धूर दाण्यात उतरतो, दाण्यातून दारूत, आणि दारूतून रविवारच्या पुरवण्यांत.

आता बहुतेक सातू मोड आणून, धुरावर वाळवून, मुख्य भूमीवरून जहाजानेच येतात. किलब्रानच्या चारांपैकी तीन फरशांवर स्वेटर, मग आणि मेणबत्त्या विकल्या जातात. चौथीवर डूगल्ड. दिवसातून पाच वेळा तो सातू उलटत असे. दोन वेळा सातूंसाठी आणि तीन वेळा तिकीट काढून आलेल्यांसाठी. पाहुणे छायाचित्रे काढत तेव्हा तो मान वर करत नसे. त्याला लाज वाटे. कंपनीच्या पत्रकात त्या लाजेचा उल्लेख 'पिढीजात एकाग्रता' असा केलेला होता.

भट्टीला दोनशे वर्षे पूर्ण झाली त्या वर्षी तो बासष्टचा झाला. निवृत्ती आणि द्विशताब्दी एकाच आठवड्यात आल्या, आणि हा योग एडिंबराच्या कार्यालयाने वाया जाऊ दिला नाही. कंपनीची कथा सांभाळणे हेच जिचे काम अशी टॅम्सिन रीड नावाची तरुणी बोटीने आली आणि नवे कोरे रबरी बूट घालून फरशीच्या कडेला उभी राहिली.

"डूगल्ड, आपल्या 'पंच्याऐंशी'ला जगात काय मानतात, कल्पना आहे ना तुम्हाला?"

"दारूच मानतात ना अजून?"

"तीर्थ मानतात! तळहातावर घेतात."

'पंच्याऐंशी' म्हणजे १९८५च्या सप्टेंबरातील एका आठवड्याच्या सातूंपासून निघालेली सात पिंपे. त्या वेळच्या व्यवस्थापकाने नाक दाबून ती समुद्राकडच्या कोठाराच्या शेवटच्या कोपऱ्यात ढकलली होती आणि हा माल कुणाला दाखवू नका, अशी ताकीद दिली होती. पुढे मौनपर्व आले. दोन दशकांनंतर नव्या मालकांनी पिंपे उघडली. लंडनहून आलेल्या पेरेग्रिन होल्ट नावाच्या स्वादपंडिताने एक घोट घेतला, तीन मिनिटे डोळे मिटून ठेवले आणि लिहिले : 'समुद्रशेवाळ. आयोडीन. पावसात भिजलेल्या चर्चमधील बाक. आणि सर्वांच्या तळाशी, विरह.' त्या चार वाक्यांवर सहा पिंपे रिकामी झाली. "विरह मी टाकला नव्हता," असे डूगल्ड तेव्हा म्हणाला होता, आणि तो विनोद समजला गेला होता. सातवे पिंप द्विशताब्दीसाठी राखून ठेवलेले होते.

"नाव ठरलंय," टॅम्सिन म्हणाली. "'डूगल्डचा धूर'. लेबलवर तुमचा चेहरा. शनिवारी होल्टसाहेब येतायत, सोबत चाळीस पाहुणे. त्यांच्यासमोर तुम्ही पहिल्या बाटलीवर सही करायची आणि ही एवढी गोष्ट सांगायची. लेबलच्या मागे हीच छापतोय."

डूगल्डने तिने दिलेला कागद हातभर लांब धरून वाचला. मरणशय्येवरच्या वडिलांनी त्याच्या कानात पीटची एक गुप्त जागा सांगितली होती, असे त्यात लिहिले होते.

"पोरी, माझे वडील मरताना 'खिडकी लाव' म्हणाले."

"आणि त्या खिडकीतून ती जागा दिसत होती?"

"खिडकीतून कोंबड्या दिसत होत्या."

"बघा, किती सहज सुचतं तुम्हाला! फक्त कोंबड्या काढू या."

"बघू," डूगल्ड म्हणाला. बेटावर 'बघू'चा अर्थ 'नाही' असा होतो, मुख्य भूमीवर 'हो' असा. दोन्हींमध्ये दोन तासांचा समुद्र आहे.

त्या संध्याकाळी त्याने घरातल्या कपाटावरून तंबाखूचा एक जुना पत्र्याचा डबा खाली काढला. आत तांब्याचे खिळे होते, आगीत काळेनिळे पडलेले. हा डबा तो वर्षातून एकदा, सप्टेंबरात, काढीत असे आणि पुन्हा वर ठेवीत असे. या वेळी त्याने तो कोटाच्या खिशात टाकला. लेबल छापले गेले की त्या धुराला कायमचा बाप मिळणार होता, आणि एका जिवंत माणसावरचा आळ निघण्याची उरलीसुरली वाट बंद होणार होती. त्या माणसाबरोबर डूगल्ड दर शुक्रवारी डोमिनो खेळत असे.

१९८५ साली बेटावर उन्हाळा आलाच नाही. मे महिन्यात कापून रचलेल्या पीटच्या ढेपा सप्टेंबरातही बोटाने दाबल्या तर पाणी सोडत होत्या. कोळसा आणणारे जहाज वादळामुळे मुख्य भूमीच्या बंदरात अडकून पडले होते. अशा आठवड्यात हेक्टर मॅकॅफर मेला. साठ वर्षे समुद्रात काढून तो पलंगावर मेला, हे त्याने स्वतः कधी मान्य केले नसते. हेक्टर चर्चचा कारभारी; दारूचा इतका कडवा वैरी की वारा भट्टीकडून आला तर खिडक्या लावून घेई. मागे त्याची चोवीस वर्षांची मुलगी मार्साली उरली आणि 'फ्लोरी' नावाची बारा फुटी होडी. दर शरद ऋतूत हेक्टर त्या होडीला पाइनच्या लाकडाचे डांबर चोपडी, आणि त्या डांबरात जवसाच्या तेलाबरोबर मूठभर मेंढीची चरबी घाली. बाकीचे कोळी त्याला हसत. पण वासावरून आंधळ्यालाही फ्लोरी कुठे आहे ते सांगता येई, हेही कबूल करत.

गिबी मॅकफेल हा डूगल्डचा बाकावरचा सोबती. मार्सालीशी लग्न करावे आणि हेक्टरची होडी घेऊन खेकडे धरावेत, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा. पण एका रविवारी, देवाच्या दिवशी, तो अकॉर्डियन वाजवताना हेक्टरच्या कानी पडला होता. "माझ्या डोळ्यांदेखत ना पोरगी मिळेल तुला, ना होडी," असे हेक्टरने त्याला धक्क्यावर चारचौघांत सुनावले होते. हे वाक्य बेटाने जपून ठेवले. बेटे वाक्ये जपून ठेवतात. दुसरे फारसे काही ठेवायला नसते.

शवपेटी खड्ड्यात उतरवायला आठ दोऱ्या असतात. कोणती दोरी कुणाच्या हाती, हे आदल्या दिवशी चिठ्ठीने कळवले जाते, आणि पुढची दहा वर्षे नात्यागोत्यांचा हिशेब त्या चिठ्ठ्यांवरून लागतो. मार्सालीने चौथी दोरी गिबीला दिली. साखरपुड्याची जाहीर सूचना याहून स्पष्ट शब्दांत त्या बेटावर देता येत नाही.

मेलेल्यासाठी अख्खे गाव थांबते. मोड थांबत नाहीत. म्हणून दफनाच्या दिवशी वाळवणघराच्या चुलीपाशी तेवीस वर्षांच्या डूगल्डला एकट्याला ठेवून बाकी सारे दोन मैलांवरच्या टेकडीवर गेले. अकरा वाजता चूल धुमसली, ओल्या पीटने एक उसासा टाकला आणि विझली. वर जाळीवर आठवड्याभराचे ओले सातू पसरलेले होते. संध्याकाळपर्यंत आच मिळाली नाही तर आंबून जाणार होते. सातू गेले म्हणजे नोकरी गेली, आणि नोकरी गेली म्हणजे आई राहत होती ते कंपनीचे घर गेले. डूगल्डने दार उघडले. मैलभराच्या टापूत एकच कोरडी वस्तू होती. ती भट्टीच्या भिंतीखाली, वाळूत पालथी पडून होती, आणि तिच्या पोटाखालचे गवतसुद्धा कोरडे होते.

त्याने कुऱ्हाड घेतली. उद्या मार्सालीला सांगू, पगारातून भरून देऊ, असे त्याने ठरवले होते, आणि त्या क्षणी ते खरेही होते. तीन तासांत फ्लोरी चुलीत गेली. चाळीस वर्षे डांबर प्यालेल्या फळ्या अशा काही पेटल्या की धुराड्यातून काळा लोट आकाशात चढला. टेकडीवर दोऱ्या धरून उभ्या असलेल्यांनी तो पाहिला, आणि आयुष्यभर वैर धरूनही भट्टीने शेवटी हेक्टरला मानवंदना दिली, असे एक वयस्क गृहस्थ सद्गदित होऊन म्हणाले.

दुपारी तीनच्या सुमारास डूगल्ड सातू उलटायला वर गेला तेव्हा झरोक्यातून त्याला खाली वाळूत गिबी दिसला. दफनानंतरच्या जेवणाला न थांबता तो आला होता. एका हातात डांबराचा डबा, दुसऱ्यात ब्रश. हेक्टरचे त्या वर्षीचे राहून गेलेले काम पुरे करून मार्सालीला चकित करावे, असा त्याचा बेत असावा. होडी होती त्या जागी गवताचा एक पिवळा, होडीच्या आकाराचा ठसा उरला होता. गिबी त्याच्याकडे पाहत उभा राहिला. डूगल्ड झरोक्यामागे उभा राहिला. खाली कुणी गेले नाही. वाटेने जाणाऱ्या पाद्रीबाईंनी मात्र गिबीला पाहिले, त्याच्या हाताला लागलेले डांबर पाहिले, आणि होडी नाही हेही पाहिले.

"मी डांबर लावायला गेलो होतो," गिबी सांगत राहिला.

"कशाला?"

"होडीला."

"कुठल्या होडीला?"

हेक्टरचे जपून ठेवलेले वाक्य बेटाने बाहेर काढले : डोळे मिटले, आणि होडी गेली. आयर्लंडकडच्या कुणाला तरी विकली असणार.

पहिल्या दिवशी सांगितले असते तर ती चूक ठरली असती. आठव्या दिवशी लबाडी. वर्षानंतर ते सांगणाऱ्याचे चारित्र्य झाले असते. डूगल्डने राखेतून खिळे वेचून डब्यात ठेवले, आणि काळ जाऊ दिला. बेटावर कुणी कुणावर उघड आरोप करत नाही. फक्त चहाला बोलावणे बंद होते. दुसरी एक रीत अशी की रस्त्यात समोरून कुठलीही गाडी आली तरी चालवणाऱ्याने चाकावरचे एक बोट उचलायचे. वैरी असो, परका असो, बोट उचलायचेच. गिबी पुढे बेटाची बस चालवू लागला. एकोणचाळीस वर्षे, दिवसातून दोनदा, ती बस मार्सालीच्या छोट्या गाडीसमोरून गेली. तिचे बोट कधी उचलले गेले नाही. दोघांनीही लग्न केले नाही. त्याबद्दल बेट काही बोलत नसे, म्हणजे सतत बोलत असे.

शनिवारच्या समारंभाच्या आदल्या संध्याकाळी डूगल्ड नेहमीप्रमाणे पबमध्ये गेला आणि पहिला ग्लास गिबीपुढे सरकवला.

"उद्या बंदरावरून चाळीस नाकं आणायचीत," गिबी डोमिनोच्या सोंगट्या मांडत म्हणाला. "एकेक नाक विमा उतरवलेलं. मागच्या खेपेला एकजण म्हणाला, तुमच्या बसला डिझेल आणि ओल्या मेंढीचा गंध आहे. म्हटलं, साहेब, डिझेल बसचं. मेंढी तुमच्या मागच्या सीटवर बसलीय."

डूगल्ड हसला नाही.

"काय रे? उद्या तुझा चेहरा बाटलीवर लागणार, आणि आज असा पडलाय? आधीच काही फार देखणा नाही तो."

"गप पी."

"पितो की. एकोणचाळीस वर्षं झाली, शुक्रवारचा पहिला ग्लास तूच पाजतोस. लेका, माझं कोण मारून पुरलंयस तू?"

"गिबी..."

"बोल."

डूगल्डने खिशातल्या डब्यावर हात ठेवला. शेजारच्या टेबलावर कुणीतरी मोठ्याने हसले.

"डाव तुझा आहे," तो म्हणाला.

"कळतंय मला." गिबीने सोंगटी लावली. मग सहज विचारल्यासारखे विचारले, "खाणं मार्सालीचंच ना उद्या?"

"हो. ओटकेक आणि चीज."

"मग मी आपला बसमध्येच बसतो. उगाच तिचं चीज नासायला नको."

शनिवारी दुपारी चाळीस पाहुणे अर्धवर्तुळात बसले. प्रत्येकापुढे कमळाच्या कळीसारखा निमुळता ग्लास, ग्लासात बोटभर 'पंच्याऐंशी'. व्यासपीठावर ती पहिली बाटली, शेजारी चांदीचे पेन. डूगल्डने लग्नाकार्यातला कोट घातला होता. टॅम्सिन कडेला उभी राहून ओठांच्या हालचालींनी त्याला 'खिडकी, वडील' अशी आठवण करून देत होती.

"थांबा, अजून नको," पेरेग्रिन होल्ट हात वर करून म्हणाले. "तिला श्वास घेऊ द्या."

चाळीस जणांनी स्वतःचे श्वास रोखले. मग होल्टनी नाक ग्लासात घातले, बाहेर काढले, छताकडे पाहिले. "शेवाळ, अर्थात. पण आज त्यामागे... गलबताचं तळघर. हरवलेली किल्ली. आणि आजोबा, माझे नव्हे, सर्वसाधारण आजोबा." लोक भराभर लिहून घेऊ लागले. एका जपानी गृहस्थांनी 'सर्वसाधारण'खाली दोन रेघा ओढल्या.

याच वेळी मार्साली ओटकेकचे तबक घेऊन आत आली. त्रेसष्टीची, ताठ, पांढरा ॲप्रन. होल्टना तिच्यात काही सापडल्यासारखे वाटले.

"बाई, तुम्ही इथल्याच ना? मला एक निष्पाप नाक हवंय. पढवलेलं नसलेलं."

"मी घेत नाही. आमच्या घरात कुणीच कधी घेतली नाही."

"घेऊ नका हो! नुसता वास."

पाहुण्याला दोनदा नाही म्हणणे तिला शिकवलेले नव्हते. तिने तबक खाली ठेवले, हात पुसले आणि ग्लास उचलला. आधी दुरून वास घेतला, परके औषध हुंगावे तसा. मग ग्लास जवळ आणला. तिसऱ्या वेळी तिचे डोळे मिटले.

"काय जाणवतं? शेवाळ? चर्च?" होल्टनी अधीरतेने विचारले.

"बाबांचा कोट."

"कोट! लिहून घ्या कुणीतरी!"

"कोट नाही," ती सावकाश म्हणाली. "कोटाला तिचाच वास लागायचा. फ्लोरीचा. आमची होडी आहे ही."

सभागृहात कौतुकाची खसखस पिकली. मार्साली हसली नाही.

"बाबा डांबरात मेंढीची चरबी घालायचे. बेटावर दुसरं कुणी घालत नव्हतं." तिने मान वळवली. "डूगल्ड, ही ग्लासात कशी आली?"

चांदीचे पेन डूगल्डच्या हातात होते. उत्तर तयार होते, आणि ते भिंतीवरही लिहिलेले होते : पिंपे समुद्राकाठी ठेवलेली असतात, समुद्राचे सारे गंध त्यांत मुरतात. तेवढे म्हटले असते तर मार्सालीने मान डोलावून तबक उचलले असते. टॅम्सिनने दोन्ही अंगठे उंचावून दाखवले. खिडकीबाहेर, अंगणात, बस उभी होती. चाकामागे गिबी डोळ्यांवर टोपी ओढून बसला होता.

डूगल्डने पेन खाली ठेवले. खिशातून डबा काढला, तो उघडायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला.

"मी जाळली," तो म्हणाला. "हेक्टरला माती देत होते त्या दिवशी. पीट ओलं होतं, चूल विझली, सातू वाया चालले होते. ती कोरडी होती. हे तिचे खिळे."

मार्साली डब्याकडे पाहत राहिली.

"गिबीनं हात लावला नव्हता. तो डांबर घेऊन आला तेव्हा ती चुलीत होती. मी वरून पाहत होतो त्याला. खाली गेलो नाही."

आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांना वाटले, हाच तो कार्यक्रम. अनेकांनी पुढे लिहिले की इतके उत्कट कथन त्यांनी कुठल्याही भट्टीत ऐकले नव्हते. होल्टसाहेब तर उभे राहिले.

"विरह!" ते ओरडले. "मी लिहिलं होतं की नाही, विरह! ऐकू येत होता मला तो! मॅकइंडिओर, अशा आणखी होड्या आहेत का बेटावर?"

"बाबांनी आयुष्यात थेंब घेतला नाही," मार्साली म्हणाली. ती कुणाला उद्देशून बोलत नव्हती, तरी टाळ्या थांबल्या. "आणि तुम्ही त्यांची होडी वाटून पिताय."

तिने डबा घेतला, ॲप्रन सोडून तबकाशेजारी ठेवला आणि बाहेर गेली.

पुढच्या वसंतात किलब्रानच्या भिंतीवर एक नवी ओळ आली : आयर्लंडहून आलेल्या भिक्षूंनी परतीचा मोह नको म्हणून आपली होडी जाळली आणि त्या धुरावर पहिले सातू वाळवले. 'डूगल्डचा धूर' बाजारात आली नाही. 'भिक्षूंची होडी' आली, आणि भिक्षूंनी नुकसानभरपाई मागितली नाही. पण ते नंतरचे. त्या दुपारी डूगल्ड, मागून टॅम्सिन हाका मारत असताना, दारात येऊन उभा राहिला आणि त्याने अंगण ओलांडून गेलेली मार्साली बसच्या काचेवर टकटक करताना पाहिली.

गिबीने टोपी वर केली. काच खाली घेतली. तिने काय म्हटले ते ऐकू आले नाही. तिने डबा आत धरला तेवढे दिसले. गिबीने खाली मान घालून डब्यात पाहिले. मग त्याने इंजिन बंद केले, किल्ली काढून खिशात टाकली, टोपी सीटवर ठेवली आणि खाली उतरला. दोघे दारावरून जाऊ लागले तेव्हा तो थांबला.

"तू वर होतास?"

"हो."

"मी ब्रश घेऊन उभा होतो तेव्हा?"

"हो."

"तासभर उभा होतो रे मी. पाऊस सुरू झाला तरी."

डूगल्डने मान हलवली. त्यालाही तो पाऊस आठवत होता.

"शुक्रवारच्या ग्लासाचं कोडं सुटलं म्हणायचं," गिबी म्हणाला. "चालू ठेव तो. दुसराही तुझ्याकडेच."

"गिबी, चल," मार्साली म्हणाली. "चहा गार होईल."

किटली अजून चढलेलीही नसणार. चहाला बोलावताना बेटावर असेच म्हणतात. ती डूगल्डला 'चल' म्हणाली नाही. त्याने तशी अपेक्षाही केली नव्हती. रीत त्याला ठाऊक होती, आणि ती आता आपल्याकडे वळली आहे हेही. दोघे समुद्राकडच्या वाटेने चालत गेले, मध्ये एका माणसाचे अंतर ठेवून.

साडेचारला चाळीस पाहुणे भेटवस्तूंच्या पिशव्या घेऊन बसपाशी गोळा झाले. भुरभुर सुरू झाली. बंदरावर बोटीचा पहिला भोंगा वाजला.

"ड्रायव्हर कुठाय?" टॅम्सिन धावत फरशीवर आली. "डूगल्ड, शेवटची बोट आहे! कुठे गेला तो?"

"चहाला."

"येईल कधी?"

डूगल्डने कोट खुंटीला अडकवला, बाह्या दुमडल्या आणि फावडे घेतले. सकाळपासून सातू उलटले गेले नव्हते. मोड एकमेकांत गुंतू लागले होते.

"बसवर छत आहे ना," तो म्हणाला. "आत बसायला सांग त्यांना. मागच्या सीटवर मेंढी असेल, तिला हलवू नका म्हणावं."

भोंगा दुसऱ्यांदा वाजला. त्याने फावडे घातले आणि सातू उलटायला सुरुवात केली.